मासळीच्या हिशोबात घोळ: ग्रुपवरच्या गप्पांतून आकडे कसे गाळायचे?

खाडीकाठचा | २ जून २०२४, रात्री ९:५०

मंडळी, मी मालवण तालुक्यातला. पोटापाण्यासाठी लोकांच्या वेबसाइटी सांभाळतो, पण हा प्रश्न घरचा आहे.

आमच्या भावोजींच्या दोन बोटी आहेत. त्या धरून नऊ बोटींचे तांडेल (बोटीवरचे मुख्य) एका व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी टाकतात, आज काय मिळालं. आधी वही होती. ती २०२१ च्या पावसात भिजली आणि त्या ऑगस्टपासून ग्रुप हीच वही झाली. परवा बोटी वर ओढल्या. आता ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस मासेमारीला बंदी, म्हणजे सगळे घरात आणि सगळ्यांना हिशोब सुचतात. भावोजी म्हणाले, "तू दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतोस ना? मग कुठला मासा कुठल्या महिन्यात किती, तीन वर्षांचं काढून दे. रविवारी सगळे जमणार आहेत."

ग्रुप एक्सपोर्ट केला. ११ हजार ४०६ ओळींची साधी टेक्स्ट फाईल आली. नमुना बघा, नावं बदलली आहेत:

१२/०८/२०२३, ०६:१४ - तांडेल क: बांगडा १२ टब सुरमई ४ टब
१२/०८/२०२३, ०६:१९ - तांडेल ख: बांगडो साडेतीन टब, म्हाकूल अर्धो
आज वारो लय. परत येताव
१२/०८/२०२३, ०६:४० - तांडेल ग: शुभ सकाळ 🌹
१२/०८/२०२३, ०७:०२ - भाचा: मामा मोरी तुंबली आहे

ग्रेप (शब्द शोधून ओळी काढणारी आज्ञा) मारून "बांगडा" असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या. मग ऑकला (ओळींचे रकाने पाडून हिशोब करणारं साधन) सांगितलं की बांगडा या शब्दानंतरचा रकाना घे आणि बेरीज करत जा. बेरीज आली शून्य. एरर नाही, काही नाही, नुसतं शून्य. कुठे चुकतंय?

(इथल्या एडिटरमध्ये डॉलर आणि महिरपी कंस टाकले की अर्धी पोस्ट गायब होते, म्हणून आज्ञा शब्दांतच सांगतोय. तुम्हीही तसंच सांगा.)

---

जुनं_टर्मिनल | २ जून, रात्री १०:३१

आकडे देवनागरीत आहेत म्हणून. ऑकला ० ते ९ हे इंग्रजी अंकच कळतात. "१२" त्याच्या दृष्टीने नुसता शब्द, आणि शब्दाची किंमत बेरजेत शून्य. तक्रार करणं हा त्याचा स्वभाव नाही. १९७७ सालचं आहे ते, बेल लॅब्जमधलं. आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं म्हणजे ऑक. तेव्हा रकान्यात काहीही आलं तरी निमूट काम उरकायचं, हाच त्याचा गुण होता. तुम्हाला तोच नडला.

आधी सगळ्या फाईलचे अंक बदलून घ्या. टीआर ही अक्षरं बदलायची आज्ञा वापरू नका, ते बाइट मोजतं आणि देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत ३ बाइटचं असतं. त्याचा चिवडा होईल. सेड या मजकूर बदलणाऱ्या साधनाची वाय आज्ञा घ्या: एका बाजूला दहा मराठी अंक, दुसऱ्या बाजूला दहा इंग्रजी. दोन्ही बाजूंची लांबी वेगळी आहे अशी तक्रार आलीच तर टर्मिनलचं लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) यूटीएफ-८ नाही, ते आधी बदला.

---

पेठेतला_पायथन | २ जून, रात्री १०:४४

२०२४ मध्ये ऑक? पायथन भाषा घ्या ना राव. पायथन ३ मध्ये इंट या फंक्शनला "१२" असं देवनागरीत दिलं तरी बारा मिळतात. दशांश असला तर फ्लोट, तेही चालतं. शिवाय रेगेक्समध्ये, म्हणजे मजकूर शोधायच्या साच्यात, अंकासाठीचा बॅकस्लॅश-डी देवनागरी अंकसुद्धा पकडतो. काही बदलायची गरजच नाही.

---

जुनं_टर्मिनल | २ जून, रात्री १०:५२

तुमचंही खरं. पण त्याच पायथनमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यूने (शब्दातल्या अक्षरासाठीची खूण) "बांगडा" हा शब्द पकडून दाखवा. आम्ही जागे आहोत.

---

पेठेतला_पायथन | २ जून, रात्री ११:२०

दाखवतो म्हणून बसलो आणि तोंडावर पडलो. बांगड्याचे दोन तुकडे आले, "ब" आणि "गड". सुरमईचे "स" आणि "रमई". पापलेटचे "प", "पल" आणि "ट". काना, मात्रा, अनुस्वार सगळे गळाले. ही काय भानगड?

---

जुनं_टर्मिनल | ३ जून, सकाळी ६:१५

पायथनच्या मूळ आरई मॉड्यूलच्या लेखी "शब्दातलं अक्षर" म्हणजे अक्षर किंवा अंक. आपला काना युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीच्या) वर्गवारीत अक्षर नाही, जोडचिन्ह आहे. त्यामुळे मात्रा आली की शब्द तुटतो. ग आणि ड यांच्यामध्ये मात्रा नाही म्हणून तेवढा गड शाबूत राहिला. वेगळं मिळणारं रेगेक्स नावाचं मॉड्यूल बसवलं की हे नीट होतं. नाहीतर देवनागरीचा पट्टाच सांगून टाका, ०९०० पासून ०९७एफ पर्यंत. एकूण १२८ जागा. फक्त लक्षात ठेवा, दंड आणि अंकही त्याच पट्ट्यात येतात.

---

मालवणी_मसालो | ३ जून, सकाळी ८:०२

मेल्यांनो, रात्री अकरा वाजता बांगड्याचे तुकडे करत बसलास आणि तळूक एकान पण घेतलो नाय!

---

करवंदाची_जाळी | ३ जून, दुपारी १:१०

खाडीकाठचा, एक विचारू? एक्सपोर्ट कोणाच्या फोनवरून काढलास? मी बचत गटाच्या ग्रुपचा हिशोब असाच काढला होता. माझ्या फोनवरून एक फाईल आणि अध्यक्षबाईंच्या फोनवरून एक. ग्रुप तोच, पण तारखा वेगळ्या धाटणीच्या. माझ्याकडे ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट. त्यांच्या मुलाने फोन अमेरिकन इंग्रजीवर ठेवलेला, तिथे ८/५ असं आलं. महिना आधी, दिवस नंतर. मी दोन्ही फायली एकत्र केल्या आणि आमच्या गटाने मे महिन्यात गणपतीची आरास विकली असं निघालं.

ओळखायची युक्ती: गप्पा वेळेच्या क्रमानेच असतात. एका ओळीची तारीख आधीच्या ओळीच्या मागे गेली की समजायचं, वाचणारा चुकतोय. स्क्रिप्टला हे तपासायला सांगता येतं, दोन ओळींचं काम.

---

खाडीकाठचा | ३ जून, रात्री ८:४०

ताई, नेमकं तेच. अर्धी फाईल भावोजींच्या फोनवरची. त्यांचा फोन मराठीत, म्हणून अंक मराठी. जुन्या गप्पा त्यांच्याकडून उडाल्या होत्या, त्या भाचीच्या फोनवरून घेतल्या. तिचा फोन इंग्रजीत आणि घड्याळ बारा तासांचं. तिथे वेळ आणि एएम यांच्यामध्ये जी मोकळी जागा दिसते ती साधी स्पेस नाहीच! डोळ्यांना स्पेस, पण आतून २०२एफ नंबरचं अक्षर, अरुंद न तुटणारी स्पेस. माझा पॅटर्न साधी स्पेस शोधत होता, म्हणून भाचीच्या फाईलमधली एकही ओळ लागत नव्हती. पाऊण तास स्क्रीनकडे बघत बसलो, दोन ओळी एकाखाली एक, हुबेहूब सारख्या. शेवटी हेक्सडंप (फाईलमधले कच्चे बाइट) काढला तेव्हा दिसलं.

आता दोन्ही फायली एका साच्यात आणल्या. ज्या ओळीची सुरुवात तारखेने होत नाही ती आधीच्या निरोपाची शेपटी, असं धरून जोडून टाकल्या. ११ हजार ४०६ ओळींचे ९ हजार ८७० निरोप झाले. अंक बदलले. बेरीज येतेय! रविवारी मीटिंग. धन्यवाद मंडळी.

---

जुनं_टर्मिनल | ३ जून, रात्री ९:०५

बेरीज येतेय हे ठीक. पॅटर्नमध्ये बसलेच नाहीत असे निरोप किती?

---

खाडीकाठचा | ९ जून, रात्री ११:१५

काकांच्या प्रश्नाला उत्तर न देता मीटिंगला गेलो. आता उत्तर देतो.

भावोजींच्या पडवीत सगळे जमले होते. मी लॅपटॉप उघडून आलेख दाखवला, रंगीत. म्हटलं, "बघा, २०२१-२२ च्या हंगामाच्या मानाने या हंगामात बांगडा निम्म्यावर आलाय." शांतता. मग एक म्हातारे तांडेल, ग्रुपवर कधीच काही लिहीत नाहीत, ते म्हणाले, "झिला, गेल्या गणपतीत बांगडे ठेवूक आमका बरफ मिळा नाय होतो. तू खयल्या दर्यातले मोजलंस?"

सगळे हसले. भावोजी हसले नाहीत, ते जास्त लागलं.

घरी येऊन शोधलं. २०२२ च्या दिवाळीनंतर दोन बोटींवर निरोप टाकायचं काम तरुण पोरांकडे गेलं. ती "बांगडो" लिहितात, "बांगडे" लिहितात आणि घाईत असली तर रोमन लिपीत. माझी चाळणी "बांगडा" एवढंच धरत होती. मासा कमी झाला नव्हता, आकारान्त लिहिणारे कमी झाले होते.

---

मालवणी_मसालो | १० जून, सकाळी ७:३०

"आकारान्त लिहिणारे कमी झाले" 😂 ह्या वाक्य मी घराच्या भिंतीर लिवन ठेवतंय.

---

जुनं_टर्मिनल | १० जून, सकाळी ९:००

हसण्यावारी नेऊ नका, हे सगळ्यांचं होतं. मी नोकरीत असताना एका मोठ्या ऑफिसच्या खातेदारांच्या यादीतून तीन गावं पूर्ण गायब झाली होती. कारण गावाच्या नावापुढे कोणीतरी "बु." आणि "खु." लिहून ठेवलं होतं.

जाळ्याचा आस केवढा ठेवलाय त्यावर काय मिळणार ते ठरतं, हे मी तुम्हाला काय सांगणार, तुम्ही मालवणचे. फरक एवढाच की जाळ्यातून निसटलेला मासा समुद्रात जातो, तुमचे निसटलेले निरोप फाईलमध्येच बसलेले आहेत. ते बघायला काही पडत नाही. तीन ढीग करा. पहिला, ज्यातून नोंद निघाली. दुसरा, जे तुम्ही जाणूनबुजून वगळलंत: फोटो, शुभ सकाळ, "हा निरोप काढून टाकला". तिसरा, जे दोन्हींत बसलं नाही. तिघांची बेरीज ९ हजार ८७० यायलाच हवी. आणि तिसरा ढीग डोळ्यांनी वाचायचा. स्क्रिप्टने नाही.

---

पेठेतला_पायथन | १० जून, सकाळी ९:४०

सरळ सगळी फाईल एखाद्या चॅटबॉटला द्या ना. "यातून मासळीचा तक्ता बनव" म्हणा. दोन मिनिटांचं काम.

---

करवंदाची_जाळी | १० जून, सकाळी १०:०५

त्या फाईलमध्ये खलाशांचे फोन नंबर आहेत, कोणी कोणाकडून उचल घेतली तेही असेल. परक्याच्या हातात द्यायची वही नव्हे ती. आणि बेरीज चुकली तर कुठे चुकली हे दाखवता आलं पाहिजे, पुढच्या मीटिंगला तेच म्हातारे बसणार आहेत.

---

खाडीकाठचा | ११ जून, रात्री १०:२०

तीन ढीग केले. नोंदी ३ हजार ९१२. वगळलेले ५ हजार २१४. उरलेले ७४४. बेरीज बरोबर.

उरलेले ७४४ भावोजींबरोबर बसून वाचले. आयुष्यातली सगळ्यात मजेची संध्याकाळ. बाहेर पाऊस, ताईने फणसाचे गरे दिले, आणि भावोजी एकेक ओळ वाचून "हा अमका, हा नेहमी असंच लिहितो" असं सांगत होते.

नावांचं प्रकरण आधी. सुरमई, सुरमय, इसवण, तिन्ही एकच. कोळंबी आणि सुंगटां एकच. म्हाकूल चार तऱ्हांनी लिहिलंय. एक साधी दोन रकान्यांची फाईल केली, डावीकडे लोक लिहितात ते, उजवीकडे आपण धरायचं ते. ऑक सुरुवातीला ती वाचून घेतं आणि मग प्रत्येक निरोपात शोधतं. पॅटर्नमध्ये मात्रांची अदलाबदल घालता येत होती, "बांगड" आणि पुढे काना, ओकार, एकार यातलं काहीही. चालतंही. पण एडिटरमध्ये नुसत्या मात्रा ठिपक्यांच्या गोळ्यांवर लटकलेल्या दिसतात आणि भावोजींना ते वाचता येत नाही. दोन रकान्यांची फाईल त्यांना वाचता येते. त्यांनी स्वतः अकरा नावं वाढवली.

मग आकडे. मला वाटत होतं आकडा म्हणजे आकडा. पण लोक लिहितात साडेतीन, दीड, पावणेदोन, सव्वा, अर्धो. इंग्रजीत कोणी पार्सर (मजकूर तोडून माहिती काढणारा प्रोग्राम) लिहिला असेल त्याला हे दुःख माहीत नसणार. नियम असे बसवले: साडे असेल तर पुढच्या आकड्यात अर्धा मिळवायचा, सव्वा असेल तर पाव मिळवायचा, पावणे असेल तर पाव वजा. नुसतं सव्वा आलं तर १.२५, पाऊण म्हणजे ०.७५. दीड आणि अडीच यांना नियमच नाही, ते थेट लिहून टाकले, कारण साडेएक आणि साडेदोन कोणी म्हणत नाही. सगळ्यात गंमत "शे" ची. दीडशे म्हणजे १५०, पावणेदोनशे म्हणजे १७५. म्हणजे आधी १.७५ करायचं आणि मग शंभराने गुणायचं. मी आधी गुणून मग पाव वजा करत होतो, तेव्हा १९९.७५ येत होतं.

एवढं झाल्यावर उरलेले ७४४ चे १३१ झाले.

---

पागोळी | ११ जून, रात्री १०:५८

"साडेपाचला निघालो" याचं काय झालं?

---

खाडीकाठचा | ११ जून, रात्री ११:०४

५.५ टब बांगडा झाला होता ताई 🙏 आता आकड्यानंतर टब, पाटी, किलो, नग यातलं काही असेल किंवा आधी माशाचं नाव लागून असेल तरच धरतो.

---

मालवणी_मसालो | १२ जून, सकाळी ८:१५

टबाचा वजन सगळ्यांचा सारख्या नसता हां. आमच्या वाडीत एकाचो टब म्हणजे दुसऱ्याचो सवा टब. ता तुझा ऑक कसा सांगतला?

---

खाडीकाठचा | १२ जून, सकाळी ८:४०

नाही सांगणार. बोटीगणिक टबाचं वजन भावोजी विचारून देणार आहेत. तोवर टबच ठेवतो, किलो करत नाही.

---

पागोळी | १२ जून, दुपारी २:३०

आता उलट बाजूने विचारते. जे निसटलं ते सापडलं. जे नको होतं ते आत आलं का? नोंदींच्या ढिगातले दीडशे-दोनशे निरोप कुठूनही उचलून वाच. क्रमाने नको, यादृच्छिक. शफ नावाची आज्ञा आहे त्याला, ओळी पिसून देते.

---

खाडीकाठचा | १३ जून, रात्री ९:३०

पागोळीताई, तुम्हाला दंडवत. धाग्याचं शीर्षक आत्ता बदललं, ते यामुळेच.

माझ्या तक्त्यात २०२३ च्या जानेवारीत घोळ मासा भरपूर दिसत होता. घोळ म्हणजे किती महाग ते इथे सांगायला नको, त्याच्या पोटातल्या बोताला (हवेच्या पिशवीला) तर वेगळाच भाव. मी मनात म्हटलं, भावोजींचा तो महिना जोरात गेला असणार. दोनशे निरोप पिसून वाचले, त्यात हे निघालं:

"डिझेलच्या हिशोबात घोळ १२०० चा आहे, उद्या बघू"

बाराशे घोळ! पुढचे पंधरा दिवस त्याच डिझेलवरून वाद चालला होता आणि प्रत्येक निरोप माझ्याकडे मासळी म्हणून जमा.

मग सगळीच नावं संशयाने बघितली. हलवा आणि मोरी हेही मासेच, पण शब्दांना दुसरा अर्थ आहे. हलवा: "नांगर हलवा २ वाजता". मोरी: वर नमुन्यात आहेच, भाच्याच्या मोरीला आकडा नव्हता म्हणून वाचलो, पण "मोरीचे ४५० दिले प्लंबरला" आत आलंय. रावस, सुरमई, पापलेट यांचा दुसरा अर्थ नाही, ती साधी माणसं.

तोडगा असा काढला: घोळ, हलवा आणि मोरी या तिघांना वेगळा नियम. मागे-पुढे मासळीचं माप हवंच. निरोपात डिझेल, हिशोब, रुपये यातलं काही असेल तर सरळ तिसऱ्या ढिगात, मी वाचेन.

---

मालवणी_मसालो | १३ जून, रात्री ९:४४

भावोजींका सांगितलंस काय, बाराशे घोळ गावले म्हणान? आयकर येतलो दारात!

---

जुनं_टर्मिनल | १४ जून, सकाळी ७:००

वारा-पावसामुळे परत आलेले दिवस वेगळे काढणार असाल तर एक आधीच सांगून ठेवतो. "वाऱ्यामुळे" या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड खालच्या नुक्त्याचा ऱ वापरतात, ०९३१, आणि त्याला हलन्त. काही साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, २००डी. पडद्यावर दोन्ही तंतोतंत एक. ग्रेपच्या लेखी दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केलं तरी तो जोडक जागचा हलत नाही. सगळीकडे एकच रूप करून घ्या, मग शोधा. किनाऱ्यावर, दुसऱ्या, तऱ्हा, सगळ्यांना लागू. मराठीत काम करायचं तर हे सुटत नाही.

---

करवंदाची_जाळी | १४ जून, सकाळी ११:२०

आणि वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरू नकोस हं. तुमचं वर्ष ऑगस्टला सुरू होतं. महिना आठ किंवा पुढचा असेल तर त्याच सालाचा हंगाम, नाहीतर आदल्या सालाचा.

---

पेठेतला_पायथन | १४ जून, दुपारी १२:०५

मग जून-जुलैच्या नोंदी चुकीच्या म्हणून उडवता येतील. बंदीच असते ना?

---

खाडीकाठचा | १४ जून, दुपारी १२:३०

नाही हो, उडवू नका. बंदी यांत्रिक बोटींना. इंजिन नसलेल्या पारंपरिक होड्यांना नाही. ग्रुपवरचे दोघं पावसात खाडीत होडी घालतात, त्यांच्या नोंदी खऱ्या आहेत. तुमचं ऐकून उडवलं असतं तर ते दोघं पुढच्या मीटिंगला माझ्याकडे बघत बसले असते.

---

पागोळी | १५ जून, सकाळी ९:१०

दुसऱ्या ढिगाबद्दल कोणीच विचारलं नाही. ५ हजार २१४ निरोप जाणूनबुजून वगळलेस. कशावरून वगळलेस?

---

खाडीकाठचा | १५ जून, सकाळी ९:२५

फोटोच्या जागी येणारी ओळ, काढून टाकलेले निरोप, शुभ सकाळ-शुभ रात्री, नुसते इमोजी, वाढदिवस. आणि ज्यात माशाचं नाव नाही आणि आकडाही नाही असं सगळं.

---

पागोळी | १५ जून, सकाळी ९:३१

त्या शेवटच्या वाक्यात "आज कायच नाय" बसतं का?

---

खाडीकाठचा | १५ जून, सकाळी ९:५०

बसतं.

ग्रेप मारला. "कायच नाय", "काय नाय गावला", "रिकामे इलाव", "खाली हात". आत्तापर्यंत २६८ सापडलेत. फक्त शोधता येणारे.

---

पागोळी | १५ जून, सकाळी १०:०२

मग तुझी दर फेरीची सरासरी गेलेली नाही का फुगून? जाळं टाकलं, डिझेल जाळलं, आणि मिळालं शून्य. ती कचऱ्यातली ओळ नव्हे, ती नोंद आहे. तिच्यात आकडा लिहिलेला नाही एवढंच.

---

मालवणी_मसालो | १५ जून, सकाळी १०:२०

म्हाताऱ्या तांडेलाक इचार. ते ग्रुपवर लिवनत नाय, पण रिकामे खेपो त्येंका तारखेवारी पाठ असतले.

---

खाडीकाठचा | १६ जून, रात्री १०:४०

गेलो होतो. ते अंगणात जाळं विणत बसले होते. मी २६८ तारखांची यादी छापून नेली, बोटीच्या नावासकट. चष्मा लावून वाचली. पाच ठिकाणी बोट ठेवलं: "हय नाय. ह्या दिवशी इंजिन बंद पडला, जाळा टाकूकच नाय." म्हणजे ती फेरी शून्याची नाही, ती फेरीच नाही. वेगळा रकाना केला. आणि नऊ तारखा त्यांनी स्वतःहून सांगितल्या, ज्या दिवशी कोणी ग्रुपवर काहीच टाकलं नव्हतं. त्यातल्या दोन भावोजींच्या डायरीत सापडल्या. उरलेल्या सात कुठे धरू?

---

जुनं_टर्मिनल | १६ जून, रात्री १०:५५

धरा. पण "कोणी सांगितलं" असा रकाना वाढवा आणि त्यात त्यांचं नाव लिहा. बाकी सगळ्यांपुढे "ग्रुप".

---

खाडीकाठचा | १६ जून, रात्री ११:०१

वाढवला. उद्या १३१ वाचायला बसतोय. त्यातल्या एकात नुसतं "तोच कालचा" एवढंच लिहिलंय, आणि कालचा निरोप काढून टाकलेला आहे.